पंधरा लिटरचा समुद्र: चिमुकला रीफ टँक टिकतो कसा आणि बुडतो कशाने

जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या जागतिक ब्लीचिंगच्या, म्हणजे प्रवाळ पांढरे पडण्याच्या, चौथ्या लाटेत जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळभित्तींना उष्णतेचा तडाखा बसला, असं इंटरनॅशनल कोरल रीफ इनिशिएटिव्हने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं. ही बातमी वाचून फोन खाली ठेवावा, तर पुढचाच व्हिडिओ असतो टेबलावरच्या काचपेटीचा. पेटी बादलीएवढीही नाही, वर निळा दिवा आणि आत डुलणारे हिरवे-जांभळे जिवंत प्रवाळ. अथांग समुद्रात ज्यांचा टिकाव लागत नाही, ते या डबक्यात कसे काय जगतात?

प्रवाळाला पाणी किती आहे याचं फारसं सोयरसुतक नसतं. पाणी काल होतं तसंच आज आहे का, एवढंच त्याला हवं असतं. समुद्रात नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापमान काही आठवडे टिकलं की ब्लीचिंग सुरू होतं. पंधरा लिटर पाण्यात तेवढा फरक एका दुपारीत पडू शकतो. हा लेख त्या दुपारीबद्दल आहे: पाणी कशाकशाने बदलतं आणि ते कसं थोपवायचं.

## आधी दोन-तीन शब्द

खाऱ्या पाण्यात प्रवाळ सांभाळणारा टँक तो रीफ टँक. साधारण शंभर लिटरच्या आतला असेल तर त्याला नॅनो म्हणतात आणि वीस लिटरच्या आतला असेल तर पिको. या सीमारेषा कुणी कायद्याने आखलेल्या नाहीत. इथे डोळ्यांसमोर धरलेला टँक २० लिटरचा आहे. दगड आणि वाळू घातल्यावर त्यात खरं पाणी उरतं साधारण १५ लिटर. पुढची सगळी गणितं या १५ लिटरवरची आहेत. डोसाचा हिशेब काचेवर लिहिलेल्या आकड्यावर करणं ही नवख्यांची ठरलेली चूक.

प्रवाळ म्हणजे झाड नव्हे, दगडही नव्हे. तो प्राणी आहे. मधोमध एक तोंड, त्याभोवती मिश्यांसारख्या सोंडा, असा एक पॉलिप. पुष्कळ पॉलिप एकमेकांना चिकटून राहतात तेव्हा आपण त्याला प्रवाळ म्हणतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाडेकरूसारखं राहतं. भाडं म्हणून ते उजेडापासून बनवलेली साखर देतं आणि बहुतेक प्रवाळांचा निम्म्याहून जास्त संसार त्यावरच चालतो. पाणी तापलं की हे नातं बिनसतं, भाडेकरू बाहेर पडतो, मालक पांढराफटक होतो. ब्लीचिंग म्हणतात ते हेच. टँकमध्ये ते उष्णतेने होतं तसं नवा दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने लावल्यानेही होतं.

## लहान म्हणजे सोपा, हा गैरसमज

महिन्याचा पगार बँकेत असलेल्या माणसाला एका दिवसाचा खाडा परवडतो. हातावर पोट असलेल्याला नाही. पाचशे लिटरचा टँक हा पहिला माणूस, पंधरा लिटरचा दुसरा. चूक तीच असते, पण ती पचवायला मागे शिल्लक नसते.

उदाहरण खाद्याचं घेऊ. कोरड्या मत्स्यखाद्यात निम्मं प्रथिन असतं असं धरा. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्य न खाल्लं जाता कुजलं, तर ८० मिलिग्रॅम नायट्रोजन पाण्यात उतरतो. पंधरा लिटरमध्ये त्याचा हिशेब शेवटी लिटरला सुमारे २४ मिलिग्रॅम नायट्रेटवर जातो. पाचशे लिटरमध्ये तोच आकडा एकाच्याही खाली राहतो. एक ग्रॅम म्हणजे दोन-तीन चिमटी. घरातल्या लहान मुलाने प्रेमाने टाकलेली मूठ या टँकचं काय करील, ते सांगायला नको.

पण याच गणिताला दुसरी बाजू आहे. पाचशे लिटर पाणी बिघडलं तर ते बदलणं म्हणजे दिवसभराची हमाली. पंधरा लिटरचं सगळं पाणी अर्ध्या तासात बदलता येतं. चिमुकल्या टँकला रोगही लहानपणाचा आणि औषधही लहानपणाचंच. या टँकची देखभाल म्हणजे दुसरं काही नाही: रोज पाण्याची पातळी राखणं आणि दर आठवड्याला पाणी बदलणं.

## पाणी उडतं, मीठ उडत नाही

खाऱ्या पाण्याचं पातेलं उन्हात ठेवलं तर पाणी आटत जातं आणि उरलेलं अधिकाधिक खारट होतं. टँकचंही तसंच. समुद्राच्या पाण्याची क्षारता, म्हणजे विरघळलेल्या मिठाचं प्रमाण, दर हजार भागांत ३५ भाग असते. घनतामापकावर ती २५ अंशांना साधारण १.०२६ दिसते. उघड्या छोट्या टँकमधून दिवसाला ३०० मिलिलिटर पाणी उडालं, तर तीन दिवसांत क्षारता ३५ वरून ३७ च्या वर जाते आणि पाच दिवसांत जवळजवळ ३९. प्रवाळ मिटतात, गोगलगायी चिकटलेली काच सोडून तळाशी पडतात आणि मालकाला वाटतं, रोग आला.

म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या, शुद्ध पाण्याने करायची, खाऱ्या नव्हे. याला टॉप-अप म्हणतात. नेमकं इथेच बरेच जण घसरतात: पातळी खाली गेली म्हणून तयार खारं पाणी ओततात आणि मीठ चढत जातं. काचेवर बाहेरून मार्करने एक बारीक रेघ ओढा आणि रोज एकाच वेळी त्या रेघेपर्यंत पाणी भरा. इतकं साधं काम आहे, पण टँक हातचा गेला तर बहुधा यानेच जातो.

हे काम आपोआप करणारं यंत्र मिळतं. एक सेन्सर पातळी पाहतो आणि छोटा पंप शेजारच्या भांड्यातून गोडं पाणी ढकलतो. यंत्र चांगलं आहे, पण सेन्सरवर गोगलगाय बसली तर पंप थांबत नाही. यावर तोड म्हणजे भांडंच लहान ठेवणं. दीड लिटरचं भांडं पूर्ण रिकामं झालं तरी क्षारता ३५ वरून ३२ च्या जरा खाली येईल. प्रवाळ रुसतील, मरणार नाहीत. दहा लिटरची बादली जोडली असेल तर क्षारता २१ वर येईल, आणि ते पाणी टँकमध्ये मावणार नाही म्हणून जमिनीवरही येईल.

झाकणाने बाष्पीभवन कमी होतं. पण घट्ट झाकणाखाली उष्णता कोंडते आणि हवेची देवाणघेवाण मंदावते. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं, मागे दोन बोटं फट ठेवलेलं झाकण हा चांगला मध्यम मार्ग.

## कोणतं पाणी, कोणतं मीठ

नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट असू शकतं आणि तांब्याच्या नळ्यांतून आलं असेल तर तांबंही. तांबं कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना अगदी कमी प्रमाणातही विष आहे. म्हणून आरओ आणि त्यापुढे डीआय, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणारं रेझिन, अशा दोन्हींतून गेलेलं पाणी वापरतात. टीडीएस मीटरवर त्याचा आकडा शून्य यायला हवा. पिण्याच्या पाण्याचा घरगुती आरओ इथे पुरत नाही. त्यातले बरेच चवीसाठी मुद्दाम क्षार परत मिसळतात.

मीठ म्हणजे स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या एक किलो पाण्यात त्याशिवाय सल्फेट २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३ ग्रॅम, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅम, शिवाय बायकार्बोनेट असतं. प्रवाळ आपला सांगाडा यातूनच बांधतो. रीफसाठी तयार मरीन सॉल्ट मिळतं, ते लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम लागतं. नेमका आकडा पाकिटावर असतो आणि खात्री मोजूनच होते.

कालवताना पाण्यात मीठ टाका, मिठावर पाणी ओतू नका. मिठाचा गाढा लगदा झाला की त्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून पांढरा साका होऊन बसतात आणि मग विरघळत नाहीत. डब्यात एक छोटा पंप सोडून पाणी काही तास फिरू द्या. वापरायच्या आधी त्याचं तापमान टँकच्या तापमानाच्या एका अंशाच्या आत आणा.

क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. प्लॅस्टिकच्या काटेवाल्या मापकावर एक बुडबुडा अडकला तरी काटा खोटं बोलतो. रिफ्रॅक्टोमीटरही शुद्ध पाण्याने शून्यावर लावून न थांबता ३५ च्या तयार द्रावणाने तपासावा, कारण आपल्याला अचूकपणा ३५ च्या आसपास हवा असतो.

समुद्र जवळ आहे, तिथलंच पाणी का आणू नये? आणता येतं, काही जण आणतातही. पण किनाऱ्याजवळच्या पाण्यात नद्यांचं गोडं पाणी, सांडपाणी, तेलाचा तवंग, आणि डब्यात बंद होताच मरून कुजणारे सूक्ष्मजीव येतात. आज आणलेलं आणि पुढच्या महिन्यात आणलेलं पाणी सारखं असेलच असं नाही. आणि आपल्याला हवं असतं ते नेमकं सारखेपण.

## सामान: थोडं, पण बेताचं

दगडाचं काम शोभेचं नाही. त्याच्या छिद्राछिद्रांत जिवाणू राहतात आणि तोच टँकचा खरा फिल्टर. १५ लिटरला सच्छिद्र कोरडा रीफ रॉक दोन-अडीच किलो पुरतो. तो आधी तळाच्या काचेवर टेकवा, मग भोवती अ‍ॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू दोन-तीन सेंटिमीटर पसरा. उलटं केलं तर वाळू उकरणारा प्राणी दगड पाडतो. दगड आणि काच यांच्यात बोट फिरेल एवढी जागा सोडली नाही, तर वर्षभर काच पुसताना स्वतःलाच शिव्या द्याल.

प्रवाहासाठी ताशी ३०० ते ४५० लिटरचा मागे टांगायचा फिल्टर किंवा छोटा पंप. म्हणजे टँकचं पाणी तासाला वीस-तीस वेळा फिरतं. गोड्या पाण्याच्या हिशेबाने हे वादळ वाटेल. पण प्रवाळ जागचा हलत नाही. त्याचं अन्न, ऑक्सिजन आणि त्याने टाकलेला कचरा यांची ने-आण प्रवाहच करतो. शिवाय २५ अंशांना खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा सुमारे एक पंचमांश ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून पृष्ठभाग सतत हलता हवा. पंपाच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर कोळंबी आत ओढली जाते.

हीटर घ्यायचा तर २५ वॅटचा. मोठा घेतला तर सुरक्षित, हा हिशेब इथे उलटा आहे. हीटर बिघडतात तेव्हा बरेचदा चालूच राहतात. २५ वॅटचा अडकला तर पाणी तासाला फार तर दीड अंश चढेल आणि तुम्हाला कळायला वेळ मिळेल. १०० वॅटचा अडकला तर तासाला सहा अंश. वेगळा थर्मोस्टॅट कंट्रोलर लावला तर आणखी बरं. तापमान २५-२६ अंश ठेवा. हवा गरम असेल तिथे प्रश्न उलटा: पृष्ठभागावर वारा मारणारा छोटा पंखा पाणी दोन-तीन अंश उतरवतो, पण त्या बदल्यात बाष्पीभवन वाढवतो. पंखा आला की टॉप-अपचा हिशेब नव्याने.

दिवा एलईडीचा, निळ्याकडे झुकणारा; प्रवाळातलं शैवाल निळा उजेड चांगला वापरतं. रोज आठ-नऊ तास, टायमरवर. पहिल्या आठवड्यात तीस-चाळीस टक्के ताकद, मग दर आठवड्याला थोडी वाढ. प्रत्येक वायर भिंतीकडे जाताना आधी सॉकेटच्या खाली झोळ घेऊन मग वर जाऊ दे, म्हणजे थेंब वायरवरून सॉकेटमध्ये न शिरता झोळातून खाली गळतो. आणि हा सगळा बोर्ड गळती ओळखून वीज तोडणाऱ्या ब्रेकरवर हवा. खारं पाणी आणि वीज शेजारी राहणार आहेत, इथे काटकसर नको.

प्रोटीन स्किमर? मोठ्या टँकमध्ये फेस काढून घाण वेगळी करणारं हे यंत्र पंधरा लिटरला लागत नाही. पैसे वाचवा, पाणी बदला.

## सफाई कामगार आधी, बिऱ्हाड नंतर

नव्या टँकमध्ये पहिल्या दिवशी प्राणी सोडणं म्हणजे गटारं बांधायच्या आधी वस्ती वसवणं. प्राण्यांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. आणि नायट्रेट थोडं असेल तर निरुपद्रवी. हे जिवाणू दगडावर पुरेसे वाढेपर्यंत थांबणं याला टँक सायकल करणं म्हणतात.

कोरडा दगड आणि ३५ क्षारतेचं पाणी घाला, पंप चालू ठेवा, दिवा बंद. शुद्ध अमोनियाच्या द्रावणाने पातळी लिटरला २ मिलिग्रॅमवर आणा, बाटलीतले जिवाणू घाला आणि दर दोन-तीन दिवसांनी मोजा. टाकलेला २ मिलिग्रॅम अमोनिया चोवीस तासांत शून्यावर येऊ लागला आणि नायट्राइटही उतरलं की वस्ती तयार. बाटलीबंद जिवाणूंशिवाय याला चार ते सहा आठवडे लागतात, त्यांच्यासह कमी. एक खाचखळगा: पाण्यात नायट्राइट असताना नायट्रेटची बरीच टेस्ट किट फुगवलेला आकडा दाखवतात, म्हणून तेव्हा नायट्रेट मोजण्यात अर्थ नाही. शेवटी जवळजवळ सगळं पाणी बदला. जिवाणू दगडावर असतात, पाण्यासोबत जात नाहीत.

त्यानंतरचे दोन-तीन महिने टँक कुरूप दिसतो. आधी वाळूवर तपकिरी भुकटी येते, ते डायटम. नव्या टँकमधलं सिलिकेट संपलं की बहुधा आपोआप जातात. मग हिरवे केस उगवतात. कधी लालसर, चिकट चादर पसरते, ती सायनोबॅक्टेरियाची. ती नळीने ओढून काढा आणि प्रवाह वाढवा. यातलं काहीही औषध ओतून घालवायची घाई नको. तपकिरी, धाग्याधाग्याचा, बुडबुडे धरून बसणारा लगदा मात्र वेगळा. ते डायनोफ्लॅजेलेट असतात आणि नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की बरेचदा माजतात. पाणी स्वच्छ म्हणजे शून्य, ही समजूत त्यांना फार आवडते. नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असू द्या. प्रवाळालाही तेवढं लागतंच.

## मासा कुठे आहे?

मासा नाही. वीस लिटरच्या आत मासा ठेवता येतो असं दाखवणारे फोटो भरपूर सापडतात; वर्षभरानंतरचे फोटो कमी सापडतात. लोकांच्या मनातला केशरी-पांढरा क्लाउनफिश सत्तर-ऐंशी लिटरपेक्षा कमी जागेत ठेवू नये. मासा आला की रोज खाद्य आलं आणि वर पाहिलेलं एका ग्रॅमचं गणित रोज मांडावं लागतं.

मग बघायचं काय? दोन सेंटिमीटरची सेक्सी श्रिम्प शेपूट उंच धरून नाचत असते. तिला तिच्यासारख्या दोघी-तिघी सोबत द्याव्यात. मात्र कधीमधी ती झोअँथिड नावाचे मऊ प्रवाळ कुरतडते. पॉम-पॉम खेकडा दोन्ही नांग्यांत एकेक चिमुकलं समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन, हाही प्राणीच) धरून हिंडतो आणि कुणी जवळ आलं की ती शस्त्रासारखी पुढे करतो. रात्री टॉर्च मारलात तर दगडातून न विकत घेतलेले पाहुणेही निघतात: कोपेपॉड, पिसाऱ्याचे किडे, केसाळ ब्रिसलवर्म. या शेवटच्याला बघून लोक घाबरतात, पण तो झाडूवाला आहे. फक्त उघड्या हाताने धरू नका, केस टोचतात. सफाईला सेरिथ जातीच्या तीन-चार लहान गोगलगायी आणि एखादा-दुसरा बारका हर्मिट खेकडा पुरे. गोगलगायी रोज मोजा. एक मेलेली गोगलगाय दगडामागे कुजली तर पंधरा लिटरला भारी पडते.

प्रवाळांत सुरुवात मशरूम, झोअँथिड, केनिया ट्री यांनी करा. हे मऊ प्रवाळ; चुका सोसतात, मध्यम उजेडात राहतात. डंकन आणि कँडी केन हे कठीण सांगाड्याचे, पण स्वभावाने समजूतदार. तीन-चार महिने गेल्यावर आणा. ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया दिसायला सुंदर, पण गाजरगवतासारखे पसरतात. ते मुख्य दगडाला चिकटू द्यायचे नाहीत, वाळूवर वेगळ्या दगडाचं बेट करून ठेवायचे. फांद्याफांद्यांचा अ‍ॅक्रोपोरा पहिल्या वर्षी नको. समुद्रफूल अजिबात नको. ते जागा बदलत फिरतं आणि एके रात्री पंपात सापडतं. मग सकाळी सगळा टँक दुधी झालेला असतो.

प्रवाळांचीही आपसात भांडणं असतात. काही रात्री लांब डंखाच्या सोंडा सोडतात, मऊ प्रवाळ पाण्यात रसायनं सोडतात. दोन जातींत चार-पाच सेंटिमीटर अंतर ठेवा आणि फिल्टरमध्ये चमचा-दोन चमचे सक्रिय कार्बन ठेवून महिन्याने बदला. आणलेला प्रत्येक तुकडा, म्हणजे फ्रॅग, भिंगाखाली तपासा. त्यावर एप्टेसिया नावाचं काचेरी, तपकिरी समुद्रफूल असेल तर तो तुकडा परत करा. एप्टेसिया कापायला गेलात तर प्रत्येक कणातून नवं उगवतं.

## एक धोका, जो तुमच्यासाठी आहे

झोअँथिड आणि त्यांच्या भाऊबंदांपैकी पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. त्यावर उतारा नाही. टँकमध्ये ते बसलेले असताना काही होत नाही. धोका ते कापताना, खरवडताना, आणि सगळ्यात जास्त दगड उकळताना असतो. दगडावरचा नको असलेला झोअँथिड मारायला उकळतं पाणी ओतलं आणि त्या वाफेने घरातली माणसं रुग्णालयात गेली, अशा घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. तेव्हा हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, बोटाला जखम असेल तर टँकमध्ये हात नाही. आणि रीफचा दगड कधीही, कशासाठीही उकळायचा नाही.

## विटा आणि चुना

प्रवाळ घर बांधतो ते कॅल्शियम कार्बोनेटचं. कॅल्शियम म्हणजे विटा धरा आणि अल्कलिनिटी म्हणजे चुना. पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचं हे माप डीकेएच या एककात मोजतात. ७ ते ११ चालतं, पण यातलं काहीतरी एक धरून तिथेच राहायला हवं; सोमवारी ७ आणि गुरुवारी ११ यापेक्षा कायमचं ७ केव्हाही चांगलं. कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम लिटरला.

मोजायचं एकच असेल तर अल्कलिनिटी मोजा. ती १ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम फक्त ७ मिलिग्रॅमने उतरलेलं असतं. ८ चे ७ झालेले किटवर लगेच दिसतात, ४२० चे ४१३ दिसत नाहीत. चुना संपत आला हे आधी कळतं, विटांचा ढीग तसाच वाटतो.

फक्त मऊ प्रवाळ असतील तर आठवड्याच्या पाणीबदलातून भरपाई होते. कठीण प्रवाळ वाढले आणि दोन पाणीबदलांच्या मध्ये अल्कलिनिटी १ ने उतरू लागली, तर थोडी भर घालावी लागते. इथे हात आखडता ठेवा: १५ लिटरला १ डीकेएच वाढवायला साधा खाण्याचा सोडा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, ०.४५ ग्रॅम लागतो. एक सपाट चमचा पाच ग्रॅमचा, म्हणजे एकदम ११ डीकेएचची उडी आणि मेलेला टँक. चमच्याने मापू नका. मिलिग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्या, सोडा शुद्ध पाण्यात विरघळवून प्रवाहात थेंबाथेंबाने सोडा.

## पाणी किती बदलायचं?

मोठ्या टँकसाठी दिलेला ‘आठवड्याला दहा टक्के’ हा सल्ला इथे का चालत नाही, ते एका हिशेबात दिसतं. समजा, टँकमध्ये आठवड्याला लिटरमागे ६ मिलिग्रॅम नायट्रेट तयार होतं. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तर नायट्रेट चढत चढत शेवटी ६० वर स्थिरावतं. एक तृतीयांश बदललं तर १८ वर, निम्मं बदललं तर १२ वर. पाच लिटर आणि दीड लिटर यांच्या कष्टांत फरक दहा मिनिटांचा, निकालात फरक तिप्पट.

म्हणून पंधरा लिटरला दर आठवड्याला पाच लिटर, ठरलेल्या वारी. खायला घालायचं असेल तर आदल्या संध्याकाळी, ड्रॉपरने एकेका पॉलिपच्या तोंडाशी. म्हणजे उरलंसुरलं दुसऱ्या दिवशी बाहेर जातं. आधी पंप आणि हीटर बंद करा, कारण पाण्याबाहेर उघडा पडलेला तापता हीटर तडकतो. काच पुसा, ड्रॉपरने दगडांवर पाण्याचा मारा करून बसलेली घाण उठवा, मग बारीक नळीने तळातली घाण ओढत पाच लिटर काढा. नवं पाणी हळू ओता. फिल्टरमधला कापूस दर दोन-तीन दिवसांनी बदला. अडकलेली घाण तिथेच कुजत ठेवली तर फिल्टर लावून उपयोग काय?

नवं मीठ घेताना त्याची अल्कलिनिटी पाहा. काही मिठं मुद्दाम ११-१२ डीकेएचची बनवलेली असतात. टँक ८ वर असेल तर अशा मिठाने एक तृतीयांश पाणी बदलताच अल्कलिनिटी एक ते सव्वा डीकेएचने वर जाते. निम्मं बदललं तर दीड ते दोनने.

## समुद्रातून ओरबाडून घरात आणायचं?

हा आक्षेप रास्त आहे. कठीण सांगाड्याच्या प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येतो, त्याला परवाना लागतो, आणि अनेक देशांत समुद्रातून प्रवाळ किंवा जिवंत दगड उचलणं गुन्हा आहे. पण वर सुचवलेले सगळे प्रवाळ टँकमध्ये कापून वाढवता येतात, आणि त्यांचे असे वाढवलेले फ्रॅग मिळतात. ते टँकच्या पाण्याला, दिव्याला सरावलेले असल्याने जगतातही जास्त. विकणाऱ्याला मूळ विचारा. उत्तर देता आलं नाही तर पुढे चला. दगड कोरडा किंवा माणसाने बनवलेला घ्या.

## वीज गेली तर, गावाला गेलो तर

वीज गेल्यावर पहिला प्रश्न ऑक्सिजनचा, तापमानाचा नंतर. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. तो नसेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पेल्याने पाणी उचलून वरून ओता. खायला घालू नका.

आठ-दहा दिवस गावाला जायचं असेल तर प्रवाळ उपाशी मरत नाहीत; त्यांचं जेवण दिव्यातून येतं. निघायच्या आदल्या दिवशी पाणी बदला आणि दिव्याचा वेळ तास-दोन तास कमी करा. आपोआप टॉप-अप करणारं यंत्र निदान आठवडाभर आधी बसवून तपासलेलं हवं, निघायच्या सकाळी नव्हे. तेही दीड लिटरच्या भांड्याने पाच दिवसच चालेल, म्हणून शेजाऱ्यांना एकदा तरी सांगावं लागेलच. त्यांच्यासाठी रोजचं मोजलेलं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरा, बाटल्यांवर वार लिहा आणि टँकशेजारी ओळीने मांडून ठेवा. खाद्याचा डबा मात्र कपाटात, कुलपात.